ओल्या भिंतीवरची कोंबडी

पाऊस लागला की आमच्या गावातली माणसं घरात बसतात आणि लिओना प्रायहित्का गाडी बाहेर काढते. वय त्र्याहत्तर, पोस्टातून निवृत्त, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गळ्यात कॅमेरा. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या ओस पडत चाललेल्या गावांतल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायचे, तेही भर पावसात. लोक तिला वेडी म्हणायचे. एकोणीस वर्षांचा शेजारी म्हणून मीही म्हणायचो, पण तिच्या हातचा खसखशीचा रोल खाऊन झाल्यावर.

वेडाला कारण होतं. जुन्या भिंतींवर रंगवलेली अक्षरं उन्हात दिसेनाशी होतात आणि लाकूड भिजलं की पुन्हा उमटतात. तिचा नवरा मेट्रो अशाच पाट्या रंगवायचा. लग्नाआधी त्याने तिला सांगितलं होतं, "टार्नवुडच्या धान्यकोठारावर तुझं चित्र काढलंय. शोध." ती जाऊन पोचेपर्यंत मालकांनी त्या कोठाराला वरपासून खालपर्यंत लाल रंग फासला होता. मग पुढची बेचाळीस वर्षं ती त्याला चारचौघांत थापाड्या म्हणत राहिली आणि मेट्रो नुसता हसत राहिला. तो जाऊन आता सहा वर्षं झालीत. लाल रंगाचे पापुद्रे निघालेत, आणि सोमवारी कोठार पाडणार असल्याची बातमी आली.

शनिवारी सकाळी पाऊस होता. ती मला सोबतीला घेऊन निघाली आणि टार्नवुड सोडून सगळीकडे हिंडली. बंद पडलेली बँक झाली, स्केटिंगचा हॉल झाला, घुमटाचं चर्च झालं.

"लिओनाबाई, टार्नवुड मागे राहिलं."

"मला रस्ते शिकवू नकोस. सॉसेज खा."

"घाबरलात?"

ती बराच वेळ काच पुसत राहिली. "थाप निघाली तर काय करू रे? जिवंत होता तेव्हा म्हणायला मजा यायची."

रविवारी दुपारी मात्र तिने गाडी थेट कोठाराशी नेली. रुळांच्या कडेला सहा मजली लाकडी धूड उभं होतं आणि त्याच्या पुढ्यात नेमका एक पांढरा ट्रक. लिओनाच्या फोटोत वाहन चालत नाही. आमच्याकडे किल्ली गाडीतच ठेवतात. काढून नेली की माणूस शहरातला ठरतो. ती सरळ ट्रकमध्ये चढली.

"अहो, दुसऱ्याची गाडी आहे."

"म्हणून तर हळू चालवणार आहे."

आमची चिकणमाती भिजली की कुणाचं ऐकत नाही. ट्रक हळूच मागे गेला, हळूच वळला आणि कोठाराच्या मागच्या बाजूच्या चरात हळूच बसला. मी चिखल तुडवत धावलो. तेवढ्यात शेडमधून रेनकोट घातलेला एक उंच माणूस आला. चरातल्या ट्रककडे त्याने एकदा पाहिलं, मग खिडकीतल्या लिओनाकडे. पण आमच्याकडे आधी हवेचं बोलावं लागतं.

"पाऊस बरा झाला," तो म्हणाला.

"जमिनीत ओल राहील," लिओना म्हणाली.

"राहील. हा ट्रक बहुतेक माझा आहे."

"फोटोत येत होता."

"अच्छा." त्याने मान खाजवली. "मी वेंडल फ्रीसन. उद्या हे कोठार पाडायचं काम माझ्याकडे आहे. थांबा, मोठं यंत्र आणून ओढतो."

लिओना खाली उतरली. घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून तिने सहज वर पाहिलं आणि तिथेच खिळली. मागच्या भिंतीवर, पार छपराखाली, ओल्या फळ्यांवर एक कोंबडी होती. पांढरी, चांगली गुबगुबीत. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल आणि चोचीत पत्र.

लिओना रडली. लपवलं वगैरे काही नाही, चांगली हुंदके देऊन रडली, मध्येच हसली, मग मेट्रोला त्या दोघांच्या युक्रेनी भाषेत काहीतरी सणसणीत म्हणाली. मलाही भरून आलं आणि मी पावसाला दोष देऊन डोळे पुसले. नंतर तिने फोटो काढला. त्यात ट्रकचा मागचा भाग आला, तरी तिने येऊ दिला.

वेंडलही मान वर करून बघत होता. "चोच जरा मोठी काढलीय."

लिओनाने नाक चाचपून पाहिलं. "नाही, बरोबर आहे. आणि यंत्र आणायची घाई करू नकोस. मला त्याची माफी मागायचीय. बेचाळीस वर्षांची आहे, वेळ लागेल."