डाव्या हाताचा शड्डू

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर जे लिहिले ते पंचनामे, जबाब आणि दोषारोपपत्रे. त्यांत विशेषणांना मज्जाव असतो, आणि लिहिणाऱ्याला काय वाटले हे तर कोणी विचारतच नाही. अशा माणसाने उतारवयात वाचकांसमोर येण्याचे धाडस करावे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. सेवेतील बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र, दुपारी मैदानाच्या बाजूने गलका ऐकू आला की जसेच्या तसे डोळ्यांपुढे येते. संबंधितांची नावे हेतुपुरस्सर देत नाही.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. कोल्हापुरातील पेठांच्या हद्दीतले एक पोलीस ठाणे माझ्याकडे होते. त्या हंगामात राष्ट्रीय पातळीवरील बाद पद्धतीच्या एका फुटबॉल चषक स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्या शहरात आल्या होत्या, आणि यजमान म्हणून आमच्या एका तालमीच्या संघालाही त्यात प्रवेश मिळाला होता. येथे कुस्ती आणि फुटबॉल एकाच छपराखाली नांदतात. तालमीच्या आतल्या अंगाला लाल मातीचा हौदा असतो आणि पुढच्या खोलीत खुंट्यांवर फुटबॉलचे बूट टांगलेले असतात. मी मूळचा हातकणंगले तालुक्यातला, शाळेत पुस्तकांत डोके घालून वाढलेला. मला यातले काहीच कळत नव्हते. बंदोबस्तावर असताना मी मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांचे चेहरे पाहत असे. नियमही तोच आहे.

उपांत्यपूर्व फेरीत गोव्याहून आलेल्या एका संघाचा सामना बरोबरीत सुटून टायब्रेकरवर गेला. पहिल्या पेनल्टीच्या वेळी माझ्यासमोरचे सगळे प्रेक्षक एकदम हसले, म्हणून मी वळून पाहिले. त्या संघाचा गोलरक्षक गोलपोस्टमध्ये किंचित वाकून उभा होता. त्याने उजवी मांडी पुढे काढली आणि तिच्यावर तळहाताची सणसणीत थाप मारली. पहिलवान आखाड्यात ठोकतात तसा तो शड्डू होता.

“पावणं, शड्डू ठोकून बॉल अडत न्हाय,” एकाने आवाज दिला.

“लंगोट इसरला जणू घरात,” दुसरा म्हणाला.

चेंडू मात्र अडला. पुढचाही अडला, आणि गोव्याचा संघ जिंकला. लोक टाळ्या वाजवीत उठले. माझ्या शेजारी उभे असलेले आमचे हवालदार टाळ्या वाजवीत नव्हते. ते गारगोटीकडचे, तरुणपणी कुस्ती केलेले.

“सायेब, बघितलासा? डाव्या हातानं ठोकला.”

“डावखुरा असेल.”

“न्हवं. चेंडू उजव्या हातानं फेकतोय, पाण्याची बाटली उजव्या हातात. शड्डूच तेवढा डावा.” ते गोलपोस्टकडे पाहत म्हणाले, “असा शड्डू या शहरात एकाच वस्तादाची पोरं ठोकायची.”

पुढचे त्यांनी ठाण्यात आल्यावर सांगितले. आमच्याच हद्दीतील एका वस्तादांचे उजवे मनगट कुस्तीच्या एका मैदानात मोडले होते आणि ते वेडेवाकडे जुळले. त्या हाताची थाप वाजेना, म्हणून ते डाव्या हाताने शड्डू ठोकू लागले. चेल्यांना वाटले, तीच खरी पद्धत. वस्ताद रागावायचे, पण पोरे त्यांच्याकडे पाहूनच शिकत होती.

हे ऐकताच मला एक बंद झालेला गुन्हा आठवला, कारण ठाण्याचा कार्यभार घेताना तो मी वाचला होता. सुमारे दशकभरापूर्वी गगनबावड्याकडच्या एका शेतकऱ्याने आपला मुलगा पहिलवान व्हावा म्हणून या वस्तादांकडे ठेवला होता. एका जत्रेतील कुस्ती हरल्यानंतर तो मुलगा नाहीसा झाला. हरल्याच्या रागाने वस्तादांनी मारले, मूल दगावले आणि प्रेताची वाट लावली, अशी फिर्याद वडिलांनी दिली. वस्तादांचा चढलेला आवाज ऐकल्याचे साक्षीदारही मिळाले. वस्तादांना अटक झाली. प्रेत सापडले नाही, पुरावा उभा राहिला नाही आणि प्रकरण ‘अ’ समरीत बंद झाले. म्हणजे कागदोपत्री गुन्हा खरा, केवळ उलगडा झाला नाही. वस्ताद सुटले, पण निर्दोष ठरले नाहीत. त्यानंतर त्यांच्या हौद्यात कोणीही आपले मूल उतरवले नाही.

मुलगा जिवंत असेल तर हे सारे बदलणार होते. बिनतारी संदेश पाठवून गगनबावड्याला चौकशी केली. उत्तर आले की फिर्यादी वडील काही वर्षांपूर्वी वारले, घरात थोरला भाऊ आहे. मुलाचे जुने छायाचित्र काढून पाहिले. हडकुळे पोर आणि हा दाढी राखलेला धिप्पाड गोलरक्षक, यांत जुळण्यासारखे काही दिसेना.

अडचण वेगळीच होती. गोलरक्षकावर कोणताही गुन्हा नव्हता, त्याला थांबवून ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. स्पर्धा बाद पद्धतीची. हरलेला संघ त्याच संध्याकाळी सामान बांधतो. एक दिवस सोडून उपांत्य फेरी होती, आणि गोव्याच्या संघाची गाठ आमच्याच तालमीच्या संघाशी होती. गोवेकर जिंकले तर मला अंतिम सामन्यापर्यंत सवड मिळणार होती. सारे शहर ज्यांच्या पराभवाची वाट पाहत होते, त्यांनी जिंकावे असे शहरात बहुधा एकट्या मलाच वाटत होते.

मधल्या दिवशी संघाच्या सुरक्षेची पाहणी करण्याच्या निमित्ताने मी त्यांच्या लॉजवर गेलो. व्यवस्थापकांच्या परवानगीने गोलरक्षकाला व्हरांड्यात बसवून चहा मागवला. तो हिंदीत बोलत होता. जन्म कुठला? गोवा. इकडे पूर्वी आला होता? नाही. शड्डू कोठे शिकला?

“सिनेमा देखके,” तो म्हणाला.

मी त्याला दहा वर्षांपूर्वीच्या त्या मुलाची हकीकत सांगितली. मुलगा नाहीसा झाल्याचे ऐकताना त्याचा चेहरा स्थिर होता. वस्तादांच्या अटकेपाशी आलो तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

“उस आदमी को सज़ा हुई?”

मी मुद्दाम मराठीत उत्तर दिले. “नाही. पण सुटकाही झाली नाही म्हणा. लोक अजून खुनी समजतात.”

त्याने अर्थ विचारला नाही. अर्थात गोव्यात मराठी समजणारे पुष्कळ आहेत; तो पुरावा होत नव्हता. माझ्या अनुभवात ज्याचा संबंध नसतो तो माणूस अशा वेळी हळहळतो, निदान चौकशी लवकर संपावी म्हणून अस्वस्थ तरी होतो. हा नुसता बसून राहिला. निघताना व्यवस्थापक मला जिन्यात म्हणाले, “साहेब, नोंदणीतल्या नावाची काही भानगड असेल तर आमचा संपूर्ण संघ बाद होईल. पोरे वर्षभर यासाठी राबली आहेत.” त्यांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे मी विचारले नाही.

खात्री नसताना थोरल्या भावाला बोलावून घरच्यांची आशा जागवायची नव्हती, म्हणून आता ओळख पटवू शकेल असा माणूस एकच उरला होता. उपांत्य सामन्याच्या सकाळी, हजेरी आटोपून मी वस्तादांच्या तालमीत गेलो. ते एकटेच होते. मला गणवेशात पाहताच त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, वहाणा पायांत सरकवल्या आणि म्हणाले, “चला.”

“कुठे?”

“न्ह्याल तितं. मला काय, सवय हाय की.”

मला शरमल्यासारखे झाले. ठाण्यात नव्हे, दुपारी फुटबॉलच्या सामन्याला यायचे आहे, असे मी सांगितले. कारण सांगितले नाही. ओळख पटवताना साक्षीदाराच्या मनात आधी काही भरवायचे नसते.

“फुटबॉल?” ते म्हणाले. “हात लावला की शिट्टी मारत्यात, त्यो कसला खेळ वो? पर तुमी म्हणतासा तर येतो.”

बोलता बोलता माझे लक्ष हौद्याकडे गेले. माती नुकतीच उकरून भुसभुशीत केलेली होती. तेलाचा आणि हळदीचा वास येत होता. मी ते पाहिले आणि विसरलो.

दुपारी वस्तादांना बंदोबस्ताच्या खुर्च्यांच्या रांगेत, गोलपोस्टजवळ बसवले. लोकांनी मान वळवून पाहिले, काही कुजबुजले. वस्ताद ताठ बसले होते, उजवे मनगट उपरण्याखाली झाकून. सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा टायब्रेकर आला. गोलरक्षक आमच्या बाजूच्या पोस्टमध्ये येऊन उभा राहिला.

“पावणं, शड्डू ठोक की.” आज सगळे मैदानच ओरडत होते.

त्याने ठोकला नाही. दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून तो उभा राहिला, आणि प्रत्येक पेनल्टीला तसाच सामोरा गेला. माझा संशय पहिल्यांदा तेथे पक्का झाला. सिनेमात पाहून उचललेली लकब लपवण्याचे कुणाला कारण नसते.

शेवटची पेनल्टी उरली. तिच्यावर गोल झाला तर गोवेकर बाहेर. जागा घेताना गोलरक्षकाची नजर आमच्या रांगेवर पडली आणि तेथेच राहिली. मग त्याने सावकाश उजवी मांडी पुढे काढली, आमच्याकडे तोंड करून वाकला आणि डाव्या हाताने शड्डू ठोकला. लोकांना वाटले, त्यांच्यासाठीच. मी वस्तादांकडे पाहिले. त्यांचा डावा हात गुडघ्यावरून थोडा वर उचलला गेला होता आणि आवाज न करता पुन्हा मांडीवर टेकला.

गोलरक्षक उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडून जाळ्यात गेला. शहर जिंकले. हलग्या कडाडल्या, त्या गदारोळात मी वस्तादांच्या कानाशी वाकलो.

“ओळखता का याला?”

“न्हाय.”

“नीट आठवा. शड्डू डाव्या हाताचा होता.”

“गोव्यात बी डावखुरी माणसं असत्यात की, सायेब.” त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहून सांगितले. “ह्यो माझा न्हवं.”

एवढे बोलून ते उठले आणि गर्दीतून चालत घरी गेले. जो एक शब्द त्यांच्या कपाळावरचा डाग पुसणार होता, तोच उच्चारायला त्यांनी नकार दिला होता. मी ठाण्यात परतलो. मिरवणुकीचा बंदोबस्त लावला, आणि प्रकरण संपले असे समजून सह्यांचे काम पुढे ओढले.

दिवस मावळण्यापूर्वी ठाणे अंमलदाराने कोणीतरी भेटायला आल्याचे सांगितले. गोलरक्षक होता. खांद्यावर सामानाची पिशवी, केस अजून ओले.

“वस्ताद काय म्हणालं?” त्याने उभ्यानेच, मराठीत विचारले.

“ओळखत नाही म्हणाले.”

तो बाकावर बसला. “लबाड बोलल्यात.”

“मलाही तसेच वाटते.”

“आता आमी हरलोय. आता माझ्या नावाचं काय बी झालं तरी दुसऱ्या पोरांचं काय जाणार न्हाय. लिवून घ्या.”

जबाब त्याने मोडक्या कोल्हापुरीत दिला. मध्येच कोकणी शब्द येत, ते तो थांबून बदलत असे. जत्रेत हरल्यावर वडिलांनी चारचौघांत सांगितले होते, की घराची पायरी चढू नकोस. वस्ताद वडिलांवर धावून गेले. “पोरगं हाय, हरंल न्हायतर काय, असं म्हणालं. मोठ्यानं वरडत हुतं. मला बोट बी लावलं न्हाय त्यांनी.” साक्षीदारांनी ऐकलेला चढा आवाज तो होता. वस्तादांच्या जुन्या जबाबातही हेच होते. पण आरोपीचे म्हणणे म्हणून ते बाजूला पडले. मुलगा तालमीत तोंड दाखवायला लाजला आणि एका ट्रकमधून घाट उतरून गेला. गोव्यात एका खानावळवाल्या बाईंनी त्याला ठेवून घेतले, पुढे त्यांचेच आडनाव दिले. वस्तादांना अटक झाल्याचे त्याला माझ्या तोंडून, लॉजवरच्या त्या चहाच्या वेळी प्रथम कळले होते.

“आणि आबा?” सही करण्याआधी त्याने विचारले.

वडील वारल्याचे मला सांगावे लागले.

“म्हंजे त्या दिवशीची कुस्ती हरल्यालीच ऱ्हायली,” तो म्हणाला, आणि त्याने सही केली.

त्यांची बस निघण्यापूर्वी मी त्याला जीपमधून तालमीत नेले. हवालदार बरोबर होते. वस्ताद हौद्याच्या कडेला बसले होते. तो वाकू लागला तसे त्यांनी हाताने थांबवले.

“पाया मागनं पड. आदी सांग, उजवीकडं का उडी मारलीस? बॉल मारणाऱ्याचा खांदा डावीकडं झुकल्याला मला इतक्या लांबनं दिसला.”

“चुकलं, वस्ताद.”

“आन् शड्डू उजव्या हातानं ठोकायचा असतोय. कितींदा सांगितलं तुमास्नी?”

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीही बाहेर जीपपाशी गेलो.

पुढचे काम कागदाचे होते. थोरल्या भावाने ओळख पटवली. ‘अ’ समरीऐवजी ‘क’ समरी, म्हणजे गैरसमजातून नोंदला गेलेला गुन्हा, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. नावाच्या प्रश्नामुळे गोलरक्षकाला काही काळ बाहेर बसावे लागले, मग तो पुन्हा खेळू लागला. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर वस्तादांच्या हौद्यात दोन-तीन पोरे उतरली. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. सगळी डाव्या हाताने शड्डू ठोकत होती.

या प्रकरणाने मला शिकवले ते इतकेच, की साक्षीदार खोटे बोलतो तेव्हा तो कोणाला वाचवतो आहे हे आधी पाहावे. दर वेळी तो स्वतःलाच वाचवत नसतो. एक गोष्ट मात्र मला आजतागायत उलगडलेली नाही. सामन्याला का न्यायचे, हे मी वस्तादांना सांगितले नव्हते. गोलरक्षकाच्या नावाची भानगडही त्यांच्या कानी घातली नव्हती. मग ‘न्हाय’ म्हटल्याने त्याचा बचाव होईल, हे त्यांना कसे कळले? उपांत्यपूर्व सामन्यानंतर पेठेत डाव्या शड्डूची चर्चा झालीच असेल. पुढे एकदा मी त्यांना सरळ विचारले, तेव्हा ते हसले आणि त्यांनी चहा सांगितला.

हवालदार म्हणत, त्या तालमीतली माती कित्येक वर्षांत कोणी उकरली नव्हती. तरी उपांत्य सामन्याच्या सकाळी मी गेलो, तेव्हा ती ताजी उकरलेली होती, तेल-हळद घातलेली होती. वाचकहो, एकही चेला नसलेल्या त्या तालमीत वस्तादांनी हौदा कुणासाठी तयार केला असेल?