सुई लांबणीवर टाकणारे डॉक्टर

कागलजवळच्या एका गोठ्यात मी त्या गुरांच्या डॉक्टरांना दोनदा पाहिलं. नाव विचारायचं राहून गेलं. मी तेव्हा गावोगाव पत्रकं वाटत होते: 'तपासणीशिवाय अँटिबायोटिक नको!' ते मात्र म्हशीचा सुजलेला सड पुसत होते. पहिल्या धारा सोडून दिल्या, मग थोडं दूध तपासणीसाठी बाटलीत धरलं, बाटलीवर तारीख घातली. सगळं संथ, दमलेल्या माणसासारखं.

"सुई मारा की, डॉक्टर! सड गेला तर डेअरीला काय घालू?" म्हशीच्या मालकीणबाई कावल्या.

"मावशी, गेल्या म्हयन्यात दोन सुया झाल्या. गुण आला काय? कुठलं औषध लागू पडतंय ते परवा कळंल. तवर दर चार तासानं धार काढा."

तिसऱ्या दिवशी ते दुधाच्या तपासणीचा अहवाल घेऊन आले. मावशींनी आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडून गेल्या महिन्यातल्याच औषधाची सुई मारून घेतली होती. सड दगडासारखा झाला होता. गुण नाही तरी सुई हवीच, हा कसला हट्ट? मी पत्रक काढून मावशींना सुनावायला लागले, तर डॉक्टरांनी हातानंच मला थांबवलं आणि अहवालातलं औषध सुईत भरलं.

बाहेर मी विचारलं, "तुम्हाला राग येत नाही?"

"येतोय की. पर मी वरडलो तर पुढच्या बारीला मला बोलवणार न्हाईत. मग नमुना कोण घेणार, तुझं पत्रक?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस सुईच मागत होता.

"आलो," ते डोळे चोळत म्हणाले, "पर आधी दूध तपासू."