गोधडीखालचा आवाज

गोधड्या उन्हात टाकल्या की त्यांच्या वासानं मला तो उन्हाळा आठवतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेली पहिली मीच, आणि पहिलीच्या पोरांना वाचता यावं म्हणून मी व माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं मोबाइलवरचा एक खेळ बनवला होता. चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू यायचा, मग पोरांनी अक्षरं जुळवायची. खेळ तिनं मांडला, आवाज माझा. बाहेर ट्रॅक्टरची घरघर, म्हणून डोक्यावरून गोधडी घेऊन, घामानं निथळत मी 'वावर', 'बकरी' म्हणत बसायची. आमच्या केनवड गावची पोरं त्या आवाजाला "हो ताई" म्हणून उत्तर द्यायची. मग एक दिवस माझ्यासमोर एका पोरीनं वावराच्या चित्राला बोट लावलं, तर कुणी अनोळखी बाई गोड आवाजात "शेत" म्हणाली. पोरीनं रोजच्यासारखं 'वावर' जुळवलं, तर लाल फुली आली. तिनं मोबाइल उलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "ताई, तुमी याच्यातून कुठी गेल्या?" मी मैत्रिणीला फोन लावला. "अवं, शिक्षणखात्याच्या साहेबाले खेळ दाखवाचा होता. तुह्यं बोलनं लई गावठी लागते, म्हनून दुसऱ्या बाईचा आवाज टाकला." "मले इचारलं काहून नाही?" "तू नाहीच म्हनली असती." जी बोली तिला पोरांच्या कानावर नको होती, त्याच बोलीत ती मला हे सांगत होती. आजही मालेगावच्या स्टँडवर भेटली की ती लांबूनच ओरडते, "कशी हायेस वं?" मी थांबते आणि म्हणते, "मी बरी आहे. आपण कशा आहात?"