खिशावरचं परतूर

एका जागी दहा वर्षं दुकान मांडून बसा, किस्से आपोआप साचतात. माझं कॅसेटचं दुकान परतूरला, स्टेशनच्या रस्त्यावर. शेजारी उस्मानमामू टेलर. नव्वदच्या दशकात गावात रेडिमेडचं दुकान आलं अन मामूंकडं गिऱ्हाईक फिरकेना. "मशीन विकतो, पोराकडं औरंगाबादला जातो," असं ते रोज म्हणायचे. दुपारचा चहा आम्ही रोज सोबत प्यायचो. मामू गेले तर कसं, याची मला लई धास्ती होती.

*

तेव्हाच माझ्याकडं परदेशी रॅपच्या कॅसेटी आल्त्या. दोन महिने पडून. एक दिवस कॉलेजातला मिलिंद आला, जयंतीला पेटीवर गाणारा. कॅसेट उलटीसुलटी करून पाह्यली.

"वाजवून दाखवू का?"

"गाणं राहू द्या काका. असली पँट कुठं भेटती?"

कव्हरवरच्या पँटीत दोन माणसं आरामात मावली असती. मी शेजारी बोट दाखवलं.

*

मामूंनी आठ दिवसांनी पँट दिली. अंगाबरोबर बसलेली, कडक इस्त्रीची! मिलिंद रडकुंडीला आला.

"मामू, ढगळ सांगितली होती."

"चाळीस साल झाले शिवून राह्यलो. तू ढगळ घालून बाजारात फिरशील, मंग लोक म्हणतील, उस्मानला माप घेता येत न्हाई."

मी समजावलं, "मामू, ही कॅसेटवाली कंपनी गाणं थोडंच विकून राह्यली? कपडे, टोप्या, चालणं-बोलणं, सगळं विकती. गाणं म्हणजे नुसतं आवतण."

शेवटी मानले, पण एका अटीवर. "खाली कितीबी ढगळ करतो. कंबर बराबर पाह्यजे. घसरली तर इज्जत माझी जाती."

*

कव्हरवरच्या पँटीच्या मागच्या खिशावर पँटवाल्या कंपनीचं नाव होतं. मामूंना इंग्रजी येत नव्हतं, अन आपल्या शिलाईवर दुसऱ्याचं नाव नको होतं. ते स्टेशनवर गेले, पाटीवरची इंग्रजी अक्षरं कागदावर उतरवून आणली अन पिवळ्या चिंधीवर काळ्या दोऱ्यानं भरली. पँटीवर अख्खं परतूर स्टेशन!

*

गॅदरिंगला मिलिंदनं त्या पँटीत मराठीतून रॅप केलं. होस्टेलच्या पातळ वरणावर, न येणाऱ्या नळावर. प्राचार्य म्हणाले, "यात गाणं कुठंय? हे तर भांडण." पण पोरं बाकावर चढली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या रॅपच्या कॅसेटी गेल्या. घेणाऱ्या निम्म्या पोरांच्या घरी टेपच नव्हता. त्यांना मामूंना दाखवायला कव्हर पाह्यजे होतं. मामूंच्या दारात रांग लागली. त्या दिवसापासून औरंगाबादचं नाव निघालं न्हाई, अन मला खरंच लई बरं वाटलं.

*

दिवाळीच्या आधी दोघं दोरे-बटणं आणायला जालन्याला गेल्तो. फुटपाथवर एक जण पँटींचा ढीग लावून ओरडत होता, "इंपोर्टेड! असली परतूर!" खिशावर तीच पिवळी चिंधी.

मामूंनी एक पँट हातात घेतली.

"चाचा, तुमच्या कामाची न्हाई. जवान पोरांची फॅशन हाय."

आता मामू याची गचांडी धरतात, असं मला वाटलं. मामूंनी पँट उलटी केली, शिलाई पाह्यली अन गुपचूप विकत घेतली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी ब्लेड काढलं अन शिलाई उसवायला लागले.

"मामू, नक्कल हाय ती. तुम्ही कशाला हात दुखवता?"

"कंबर ढिली ठेवली त्यानं," सुईत दोरा ओवत मामू म्हणाले, "अन नाव आपल्या गावाचं."