सुमार्नीची गाय

मस्कतला मदिनत सुलतान काबूस नावाच्या वस्तीतल्या एका बंगल्यात बाळकृष्ण कित्येक वर्षं स्वयंपाकी होता. माणूस संगमेश्वराकडचा, हाताला चव आणि जिभेला धार. न मागता सल्ला द्यायचा ही जुनी खोड. त्याच्या तावडीत आयती सापडायची ती सुमार्नी, त्याच घरात मुलं सांभाळणारी, जावा बेटावरची बाई. दोघांची भाषा म्हणजे थोडी हिंदी, थोडी अरबी, बाकी सगळे हातवारे. भांडायला तेवढी पुरायची.

सुमार्नीचं गाव एका जागृत ज्वालामुखीच्या उतारावर होतं. हे कळलं तेव्हा बाळकृष्णनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, राहायला दुसरी जागाच मिळाली नाही का तुम्हांला?"

ती नुसती हसायची. तिच्या गावात त्या डोंगराला आजोबा म्हणत. धूर निघाला तर आजोबा खोकतायत, आग निघाली तर आजोबांकडे कार्य आहे, असा हिशेब. राखेची जमीन, काहीही लावा, तरारून येतं. "तुझं कोकण एवढं हिरवं, मग तू या वाळवंटात कशाला आलास?" असं तिनं विचारलं की बाळकृष्णला नेमका तेव्हाच कांदा चिरायचा असे.

शुक्रवारी दुपारी भांडी आवरली की दोघं मागच्या पायरीवर बसून घरी फोन लावत. सुमार्नीचा पहिला प्रश्न गायीचा. तिच्या कमाईतून आईनं दुभती गाय घेतली होती. गाय खाते का, दूध देते का, गोठा गळत नाही ना. मग आईपाशी ठेवलेल्या लहानग्या लेकीची चौकशी. बाळकृष्णचा पहिला प्रश्न घराचा. गावी त्यानं चिऱ्याचं नवं घर बांधलं होतं आणि त्यात म्हातारी आई एकटी राहायची. "लाद्या पुसतेस ना? मागच्या दाराला कडी घालतेस ना?" मग तिचा गुडघा.

२०१०च्या ऑक्टोबरात आजोबांकडे खरंच कार्य निघालं. सरकारनं गाव खाली केलं. सुमार्नीची आई नातीला घेऊन पायथ्याच्या छावणीत आली. बंगल्यातली मालकीण टीव्हीसमोर बसून सारखं इन्शाल्ला, इन्शाल्ला म्हणत होती. लेक खाली आली म्हटल्यावर सुमार्नीच्या घशाखाली घास उतरला. तोही दोनच दिवस. मग कळलं, की आई रोज सकाळी गायीला चारा घालायला वर जाते, आणि पोर रडते म्हणून तिलाही बरोबर नेते.

"जाऊ नको म्हणून सांग की!" बाळकृष्ण ओरडलाच.

"सांगितलं. रडले, शपथ घातली. म्हणते, लगेच येते परत."

"म्हातारीचं डोकं फिरलंय का? गायीपुढे नात काहीच नाही?"

सुमार्नीनं मान हलवली. "आईला ती गाय आवडत नाही. लाथा मारते. पण माझी आहे ना. दर शुक्रवारी मी पहिलं तिचंच विचारते."

बाळकृष्णनं फोन उचलून तिच्या हातात ठेवला. "मग गाय नको म्हणून सांग. तोडून सांग."

तिनं फोन लावला. शब्द त्याला कळत नव्हते, पण असा आवाज तिनं कधी चढवला नव्हता. फोन ठेवून ती म्हणाली, "गाय मेली तरी चालेल म्हटलं. पुन्हा गायीचं नाव काढलंस तर फोन करणार नाही म्हटलं. आई काही बोललीच नाही."

पुढे फोन लागेना. टीव्हीवर तिच्या गावावरून गरम राखेचा लोट गेल्याचं दाखवलं. छपरंसुद्धा दिसत नव्हती. बाळकृष्णनं बिर्याणीत दोनदा मीठ घातलं, आणि अर्बाब, म्हणजे घरमालक, ती तशीच खाऊन उठला.

अखेर आईचाच फोन आला. लेकीवर रुसून ती छावणीतच बसून राहिली होती, नात मांडीवर. गोठा गेला, गाय गेली. आणि म्हातारी माफी मागत होती, तुझी गाय मला राखता आली नाही म्हणून. सुमार्नीनं ओट्याला धरून हंबरडा फोडला. बाळकृष्णही रडला, कांद्याचं निमित्तसुद्धा न करता.

शुक्रवारी त्यानं आपल्या आईला फोन लावला. गुडघा विचारला, गोळ्या विचारल्या. "नयनाताईकडे जाऊन राहा महिनाभर," थोरल्या बहिणीचं नाव घेत तो म्हणाला, "घराला कुलूप घाल आणि जा."

पलीकडून आई दबक्या आवाजात म्हणाली, "बाला, आज घराचं काय इचारलंस नाय. माझं काय चुकलं काय रे? लाद्या पुसल्यात मी. आताच पुसल्यात."