सही केलेलं जहाज

आमच्या ओसरीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक जहाज टांगलेलं होतं. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता, पण माझे यजमान लढाईच्या दिवसांत आरमारात भरती झालेले. धुळ्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात सासरे खुर्ची आणायला गेले आणि ही तसबीर घेऊन आले. खुर्ची राहिली ती राहिलीच.

शाळेचे मास्तर चित्र बघून गेले. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून मग ते कागदावर उठवतात, असं त्यांनी समजावलं. खाली शिसपेन्सिलीने चित्रकाराची सही होती, आणि हा गृहस्थ स्वतः आरमारात होता असं तसबिरीच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेलं. असेल. मला मात्र ते चित्र मुळीच आवडलं नाही. जहाज पार वरच्या कोपऱ्यात, तेही कललेलं, आणि बाकी कागदभर नुसत्या लाटा. जहाज काढायचं तर नीट समोरून काढावं. मास्तर म्हणाले, चित्रकार शेजारच्या जहाजावर बसला असणार. मी मनात म्हटलं, मग त्याला जागा धड मिळालेली दिसत नाही.

पुढे यांची पत्रं यायची थांबली. गावात कोणी काही विचारत नसे, आणि तेच जास्त लागायचं. सासूबाई जेवण अर्धं टाकून उठायच्या. मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं, पण टपालवाला दारावरून पुढे गेला की हातातलं काम टाकून त्याच्या पाठीकडे बघत राहायचे.

तशात दसरा आला. सासऱ्यांनी नांगराला, गाडीला, दाराला झेंडूचे हार घातले आणि उरलेला हार जहाजाच्या तसबिरीवर चढवला. सासूबाई आतून आल्या आणि जागीच थांबल्या.

"तो हार काढा पहिले," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्या जित्ता शे."

"दसरा शे," सासरे म्हणाले. "नांगरले हार, गाडीले हार. जहाजनी काय घोडं मारं?"

पण बोलता बोलता त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. ते खाली बसले. मी पाटावर चढून हार काढला आणि बैलाच्या गळ्यात घातला. त्या संध्याकाळी आमच्या घरातून सोनं वाटायला कोणी बाहेर पडलं नाही.

लढाई संपली, आणि एका दुपारी हे स्टेशनावरून चालत घरी आले. इतका आनंद झाला की मला रागच आला. दोन ओळी खरडायला काय झालं होतं? तो राग मी भाकऱ्या थापण्यात काढला.

ओसरीत जेवताना यांची नजर भिंतीवर गेली आणि घास हातातच राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मास्तरांचं मत मी सांगितलं, की चित्रकार शेजारच्या जहाजावर बसला असणार.

"नही," हे म्हणाले. "हाऊ माणूस पाणीमा व्हता."

"तुम्हले काय माहीत?"

"पाणीमाईन जहाज असंच दिखस. कोनी तरी त्याले वर वढं, म्हनीसन त्याले चित्र काढता उनं."



"आनी तुम्हले?"

"माले बी वढं." त्यांनी घास ताटात ठेवला. "मना जोडे पाणीमा आखो एक जण व्हता, त्याले नही."

तेवढ्यात सासूबाई गरम भाकरी घेऊन आल्या आणि कशाचं बोलणं चाललंय म्हणून विचारू लागल्या. चित्राचं, मी म्हटलं.