मी गातो, टाळ्या बबनला

मुलांसाठी गाणी करणाऱ्या माणसाकडे गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. गाणं सुचायला महिना लागतो, किस्सा दर रविवारी घडतो! मित्र जमले की कुणी म्हणत नाही, “नित्या, नवीन गाणं ऐकव.” म्हणतात, “बबनचं सांग!”

बबन म्हणजे माझा ढोलकीवाला. जासईचा. गाणी मी लिहितो, चाली मी लावतो, गिटार घेऊन गातो मी. आणि लोकांना पाहिजे बबन! माणूस जळणार नाही तर काय करणार?

*

उलव्यातल्या एका सोसायटीत वाढदिवसाचा कार्यक्रम होता. मी घसा फोडून गायलो. संपल्यावर पोरांचा घोळका धावत आला. मी वाकून दोन्ही हात पसरले. घोळका मला वळसा घालून बबनकडे!

एक चष्मेवाली मुलगी तेवढी माझ्यापाशी थांबली. म्हटलं, चला, एकीला तरी गाण्यातलं कळतं.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही बबनकाकांचे ड्रायव्हर का?”

गाडी माझी होती हो!

*

नवीन विमानतळ शेजारीच, म्हणून मी विमानावर गाणं केलं. मैदानात कार्यक्रम. दुसऱ्या कडव्याला डोक्यावरून खरंच विमान आलं. सगळ्या माना वर. माझं गाणं खलास.

विमानावर कशाला जळायचं, म्हणून मी गप्प बसलो. पण बबन कसला गप्प बसतोय! त्याने ढोलकीवर तळवा घासून असा काही घुमारा काढला, की विमान तिच्यातूनच निघाल्यासारखं वाटलं. ते दिसेनासं झालं आणि पुढच्या रांगेतून हाक आली,

“बबनकाका, अजून एक आणा ना!”

*

नावड्याला एक ताई मुद्दाम स्टेजमागे भेटायला आल्या. कडेवर बाळ.

“दादा, तुमच्या गाण्यांचे आमच्यावर उपकार आहेत!”

मी फुललो. बबन ऐकतोय ना, हेही तिरक्या नजरेने बघून घेतलं.

“हा झोपायचाच नाही. तुमचं कुठलंही गाणं मोबाईलवर लावलं की आडवा! आता तर ह्याचे पप्पा पण झोपतात.”

“आणि माझी ढोलकी?” बबनने विचारलं.

“ती नाही लावत हो. उठून नाचतो!”

*

हा किस्सा मात्र जिव्हारी लागलेला. माझी सई पहिलीत आहे. शाळेत पालकांसमोर ‘घरी शिकलेलं गाणं’ म्हणायचं होतं. ती जन्मली तेव्हा मी तिच्यासाठी एक गाणं केलं होतं. तेच म्हणणार, या खात्रीने मी मोबाईल धरून पुढे बसलो.

सईने सुरू केलं,

“बोंबलाच्या पोटात दुखतंय दुखतंय, डॉक्टर खेकडा सुई टोचतंय!”

आमच्या घरी चहा पिताना बबनने जोडलेलं! सगळा वर्ग बाकं वाजवायला लागला.

“वा! बाबांनी किती छान लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या.

“नाही मॅडम. बाबा असलं छान लिहीत नाहीत.”

माझी बायको स्वाती ओढणी तोंडात कोंबून हसत होती. रागाने मी आठवडाभर बबनशी बोललो नाही. त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही!

*

बबनची आई जासईला मासळी विकते. म्हटलं, बाई स्पष्ट बोलणारी आहे, हिलाच विचारू. “मावशी, खरं सांगा, माझी गाणी कशी वाटतात?”

“बरी हायेत की. पन आमचा बबन वाजवतंय तवा माजे पाय आयकत नाय.”

“आणि मी गातो तेव्हा?”

“तवा पाय शाने असतात!”

*

मग ती शाळा. ऐकू न येणाऱ्या मुलांची. तिथे मी काय गाणार? बबन म्हणाला, “चल तं खरा.”

त्याने ढोलकी वाजवली आणि मुलांनी तिला हात लावले. कुणी गाल टेकला, कुणी मिठीच मारली. थाप पडली की सगळी खिदळत होती. मी गिटार घेऊन भिंतीला टेकून उभा. कुणाचं लक्ष नाही, तरी तोंड हलवत होतो. बबनवर इतका मी कधीच जळलो नव्हतो.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी त्या गर्दीतून बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग कुर्ता ओढून मला खाली बसवलं आणि आपला तळवा माझ्या गळ्यावर ठेवला.

मी गात होतो, ते गातच राहिलो. आवाज खाली नेला तसे तिचे डोळे मोठे झाले. तिने हाताने दुसऱ्या मुलीला बोलावलं. तिने तिसऱ्याला. बघता बघता माझ्यासमोर रांग लागली. शाळेच्या बाईंनी खुणा करून आवरेपर्यंत रांग हटेना.

निघताना बबन गाडीपाशी आला. ढोलकी मागच्या सीटवर ठेवली, पुढे येऊन बसला. स्वतःच्या गळ्याला हात लावून “उंऽऽ” करून बघितलं. पुन्हा एकदा केलं. मग हात काढला.

“नित्या,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “एक दिस मना तुजा गला देशील का रं?”